प्रत्यारोपणानंतर त्वचेखाली गाठी, ताप आणि घसरणारे प्लेटलेट

सातारकर:
माझ्या धाकट्या भावाचे मूत्रपिंड प्रत्यारोपण चार वर्षांपूर्वी झाले असून तेव्हापासून तो टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेतो. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या मांड्यांवर आणि दंडावर सुपारीएवढ्या गाठी आल्या. आधी ते गळू समजले गेले, नंतर क्षयाची शंका आली. ती तपासणी निगेटिव्ह निघाली. आता तीन आठवडे रोज संध्याकाळी ताप चढतो, प्लेटलेट १ लाख ९० हजारांवरून ७२ हजारांवर आले आहेत आणि हिमोग्लोबिन ८.४ आहे. मायकोफेनोलेटमुळे असे होते म्हणून त्याचा डोस दहा दिवसांपूर्वी निम्मा केला, तरी घसरण थांबलेली नाही. पंच बायोप्सीच्या (त्वचेचा छोटा गोल तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या) अहवालात ‘पॅनिक्युलायटिस’, म्हणजे त्वचेखालच्या चरबीचा दाह, एवढेच लिहिले आहे. गाठी आणि रक्त यांचा संबंध असू शकतो का?

पॅथॉलॉजिस्ट, पुणे:
असू शकतो, आणि तो आठवडाभर थांबून पाहण्यासारखा नाही. मायकोफेनोलेट, तसेच प्रत्यारोपणानंतर संसर्ग टाळण्यासाठी दिली जाणारी व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर, को-ट्रायमॉक्सॅझोल यांनी रक्तपेशी कमी होतात हे खरे, म्हणूनच अशा रुग्णात सारा दोष औषधावर जातो. पण त्याने गाठींचा उलगडा होत नाही.

त्वचेखालच्या चरबीतच वाढणारा एक दुर्मीळ टी-सेल लिम्फोमा (टी-लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग) हुबेहूब पॅनिक्युलायटिससारखा दिसतो. त्यात चरबीच्या एकेका पेशीभोवती लिम्फोसाइटचे कडे दिसते, परंतु पंच बायोप्सीचा तुकडा पुष्कळदा चरबीपर्यंत पोहोचतच नाही. छेद घेऊन चरबीसह खोल तुकडा घ्यावा. त्यावर टी-पेशींचा प्रकार ओळखणाऱ्या सीडी८, बीटा-एफ१, टीसीआर-डेल्टा आणि ईबीव्ही (एपस्टाइन-बार विषाणू) साठी ईबर या तपासण्या मागाव्यात. टी-पेशीवरच्या रिसेप्टरनुसार होणारा अल्फा-बीटा आणि गॅमा-डेल्टा हा भेद शब्दच्छल नाही: २००८ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात पाच वर्षे जगण्याचे प्रमाण पहिल्यात ८२ टक्के, तर दुसऱ्यात ११ टक्के होते. पहिल्या प्रकारातही हिमोफॅगोसायटिक सिंड्रोम, म्हणजे मॅक्रोफेज या भक्षक पेशी आपल्याच रक्तपेशी गिळू लागण्याची गुंतागुंत, असलेल्यांत ते ४६ टक्के आणि नसलेल्यांत ९१ टक्के होते.

म्हणून ही गुंतागुंत आहे का ते पाहण्यासाठी फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन), ट्रायग्लिसराइड, फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारे प्रथिन) आणि प्लीहेची सोनोग्राफी आजच करा. निदानासाठीची फेरिटिनची ५०० ही मर्यादा मूत्रपिंडाच्या रुग्णांत फारशी कामाची नाही. दोन दिवसांच्या अंतराने आकडा कसा चढतो ते पाहावे. ईएसआरही (लाल पेशी खाली बसण्याचा वेग, जो दाहात सहसा वाढतो) पाहा: ताप वाढत असताना तो उतरत असेल, तर फायब्रिनोजेन संपत चालल्याची शंका घ्यावी. क्षय, सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) आणि बुरशी यांनीही हीच गुंतागुंत होते, त्यामुळे त्यांचा शोध सोडू नये.

एक नातेवाईक, नाशिक:
माझ्या पत्नीला ल्युपससाठी (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) अ‍ॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध चालू होते, तेव्हा तिच्या गाठीही ल्युपसच्याच मानल्या गेल्या आणि बायोप्सीआधीच स्टिरॉइड वाढवले गेले. गाठी विरल्या, ताप उतरला आणि निदान तीन महिने मागे पडले. ताई, डॉक्टरांची हरकत नसेल तर वाढीव स्टिरॉइडच्या आधी तुकडा घेऊन टाका. पहिल्या बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड मागून घ्या, नुसत्या अहवालावर दुसरे मत कोणी देत नाही.

सातारकर:
दोघांचेही आभार. फेरिटिन ११,४०० आले, प्लीहा वाढलेली आहे, आणि ईएसआर गेल्या महिन्यात ६८ होता तो आता १४ आहे; मी तो सुधारणेचा पुरावा समजून खूश झाले होते. रक्तविकारतज्ज्ञ आणि किडनीचे डॉक्टर आज एकत्र बसले. उद्या सकाळी डाव्या मांडीवर छेद घेणार आहेत, आधी प्लेटलेट चढवून.