एनए (बिगरशेती) प्लॉट घेतोय, आतला रस्ता ६ मीटरचा चालतो का?

नवखा_७: तालुक्याच्या गावाजवळ २ गुंठे बघितलाय, ब्रोकर म्हणतो ६ मीटर रस्ता पुरे, गाडी आरामात वळते. खरंय का?

मोजणीवाला: नाही हो. यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, रहिवासी लेआउटला (प्लॉट पाडलेल्या जमिनीला) १५० मीटर लांबीपर्यंतचा रस्ता ९ मीटर रुंद, पुढे ३०० पर्यंत १२, त्याहून लांब असेल तर १५ लागतो. मंजूर नकाशा मागा, ब्रोशर नको, आणि टेप घेऊन स्वतः जा, कारण कागदावरचे ९ मीटर जागेवर कुंपणं घालून कधी ६ होतात कळत पण नाही.

काकू_सातारकर: ०.४ हेक्टरच्या वर लेआउट असेल तर १० टक्के ओपन स्पेस पण बघ रे, आमच्याकडे तिथे बिल्डरने विटा रचून ठेवल्यात 😄

नवखा_७: नकाशा मागितला तर फोनच उचलेना.