३,३५,५०,३३६ : पूर्ण संख्या म्हणायचं का परिपूर्ण?

लातूरवाला: मंडळी, एक शब्द नक्की करून द्या. ३,३५,५०,३३६ ही संख्या पोरांना सांगायलोय, तिचे स्वतःला सोडून जेवढे विभाजक हायत त्यांची बेरीज परत तेवढीच येते. कुणी हिला पूर्ण संख्या म्हणतंय कुणी परिपूर्ण. बरोबर कोणतं?

नांदेडची ताई: भाऊ परिपूर्णच म्हणा. पूर्ण संख्या म्हटलं की पोरांच्या डोक्यात ०, १, २, ३ अशा सगळ्याच येतात, त्यात ऋण घेतल्या की पूर्णांक झाले, आणि ३६, ४९ ला आपण पूर्ण वर्ग म्हणतो, मग त्याच शब्दावर आणखी एक अर्थ कशाला लादायचा. तुमची संख्या म्हणजे ४०९६ गुणिले ८१९१, त्यातला ४०९६ हा ६४ चा वर्ग आहे पण ८१९१ मूळ संख्या पडली, त्यामुळं पूर्ण वर्ग काही होत नाही. "पूर्ण आहे पण पूर्ण वर्ग नाही" ऐकलं की पोरगं गोंधळणारच.

परभणीकर: ताईंचं पटलं. सोबत न्यून आणि विपुल पण शिकवा सर. १० चे विभाजक १, २, ५, बेरीज ८ म्हणजे कमी पडली, ती न्यून. १२ चे १, २, ३, ४, ६ मिळून १६, ती विपुल. पाहुणचारात काही न्यून राहू नये असं आपल्याकडं म्हणतातच की, पोरांना लगेच कळतं.

लातूरवाला: हे लई कामाचं. पण ६, २८, ४९६, ८१२८ आणि मग डायरेक्ट कोटीत उडी, असं का बरं?

नांदेडची ताई: युक्लिडची रीत बघा. २ चा घात घ्यायचा, त्यातून १ वजा करायचा, उरलेली संख्या मूळ निघाली तरच तिला त्या घाताच्या निम्म्यानं गुणून परिपूर्ण संख्या मिळते. ८१२८ ला ७ वा घात लागतो, १२७ मूळ आहे. ११ व्या घाताला २०४७ येतात पण ते २३ गुणिले ८९ निघतात, तिथं गाडी अडते, मग १३ व्याला ८१९१ सापडतो. आणि ४०९६ हा ८१९२ च्या निम्मा आहे म्हणून १ पासून ८१९१ पर्यंतच्या सगळ्या संख्यांची बेरीज हीच संख्या येते, म्हणजे ही त्रिकोणी संख्या पण झाली! मला सगळ्यात आवडतं ते वेगळंच, १ ते १२७ पर्यंतच्या ६४ विषम संख्यांचे घन मिळवा, तरी हीच येते.

परभणीकर: अंकांची बेरीज करून बघितली, २८ आली! २८ पण परिपूर्णच ना. पण २८ नं भाग जात नाही, म्हणजे कापरेकरांची हर्षद संख्या (जिला तिच्याच अंकांच्या बेरजेनं भाग जातो) नाही ही.

नांदेडची ताई: हो, तिच्यात ७ हा अवयवच नाही. आणि सर, फळ्यावर लिहिताना "सम परिपूर्ण संख्या" असं लिहा, कारण युक्लिडची रीत समपुरतीच आहे. विषम अजून कुणाला सापडली नाही, आणि नसतेच असं सिद्धही झालेलं नाही.