शेवाळ दुपारी वर का येतं?

सकाळी डबक्याच्या तळाशी असलेलं शेवाळ दुपारी वर कसं येतं, हा तुमचा प्रश्न आवडला. ते बहुधा स्पायरोगायरा नावाचं तंतूंचं हिरवं शेवाळ असावं. हाताला बुळबुळीत लागतं का बघा. त्याचे तंतू सहसा तळाला वा दगडाला चिकटलेले नसतात, मोकळेच असतात. ऊन चढलं की प्रकाशसंश्लेषण जोरात चालतं, ऑक्सिजनचे बुडबुडे तंतूंच्या गुंत्यात अडकतात आणि अख्खा पुंजका वर उचलला जातो.

एक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली जरूर बघा. पेशीत स्प्रिंगसारखी वळत गेलेली हिरवी फीत दिसते, तेच हरितलवक. फितीवरचे ठिपके म्हणजे पायरेनॉइड, त्यांच्याभोवती स्टार्च साठतो. आयोडीनचा थेंब सोडला की ते निळे-काळे पडतात.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते संयुग्मन, म्हणजे त्याचं लैंगिक प्रजनन. दोन तंतू शेजारी येतात, समोरासमोरच्या पेशी नळ्यांनी जोडल्या जातात, अगदी शिडीसारख्या, आणि एकीतलं सगळं जीवद्रव्य दुसरीत सरकतं. मागे नुसत्या रिकाम्या भिंती उरतात! त्यातून बनलेला जाड कवचाचा युग्मबीजाणू डबकं आटलं तरी तग धरतो.

निळं-हिरवं शेवाळ मात्र यात धरू नका. ते जीवाणू आहेत, त्यांच्या पेशीत केंद्रक नसतं.