मदत हवी आहे: आईला मांजर चावलं, हात सुजत चाललाय

काल संध्याकाळी गल्लीतला बोका आमच्या घरच्या बोक्यावर, सोन्यावर चालून आला. सोडवायला गेलेल्या आईच्या अंगठ्याच्या मुळाशी दात रुतले, कुणाचे ते तिलाही कळलं नाही. टाचणीएवढी दोन भोकं, रक्त जेमतेम थेंबभर. लगेच नळाखाली साबणाने धुतलं. रात्रीच सरकारी दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन, रेबीजची पहिली लस आणि जखमेत सीरम, सगळं झालं. अँटिबायोटिक मात्र "लागलं तर बघू" म्हणाले. आज सकाळी मनगटापर्यंत लाल आणि गरम, अंगठा वाकवला की कळ येते. आईला मधुमेह आहे. तिचं पालुपद एकच, हळद लावलीय, उतरेल.

आज रविवार, आमचे डॉक्टर नाहीत. उद्यापर्यंत थांबलं तर चालेल का? सोन्याच्याही शेपटीच्या मुळाशी गाठ आलीय, तो पलंगाखालून बाहेर येत नाही. त्याला घरातली तापाची गोळी देऊ का?

प्रतिसाद १
ताई, थांबू नका, आत्ताच मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. मांजराचे दात सुईसारखे. वरचं भोक मिटतं आणि पाश्चुरेला मल्टोसिडा हा जंतू आत कोंडला जातो. बहुतेक मांजरांच्या तोंडात तो असतोच. 24 तासांच्या आत सूज येते ती बहुधा त्याचीच. हाताला चावा, त्यात मधुमेह, आणि वाकवताना कळ म्हणजे सांध्यात किंवा टेंडनच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या) आवरणात गेलंय का ते बघावंच लागेल. सहसा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलेनेट हे पेनिसिलिन गटातलं अँटिबायोटिक देतात. सेफॅलेक्सिन हे दुसरं अँटिबायोटिक या जंतूवर फारसं चालत नाही, म्हणून घरातल्या उरलेल्या गोळ्या नकोत. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. बोटातली अंगठी आत्ताच काढा, नंतर कापावी लागते. रेबीजचे पुढचे डोस चुकवू नका.

प्रतिसाद २
सोन्याला पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका, मांजराला ते विष आहे, एक गोळीही जीव घेऊ शकते. ती गाठ म्हणजे चाव्याचा गळू. आमच्या मनीचा फुटला तेव्हा अख्ख्या खोलीत घाण वास. घरी दाबत बसू नका, डॉक्टर चिरून धुतात. एफआयव्हीची (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या विषाणूची) तपासणीही विचारा, तो चाव्यातून मांजरांत पसरतो (माणसाला होत नाही).

धागाकर्ती
कॅज्युअल्टीतूनच लिहितेय. एक्स-रे झाला, शिरेतून औषध सुरू केलंय, हाताच्या सर्जनची वाट बघतोय. अंगठी साबण लावून निघाली. कोथरूडच्या आसपास रविवारी मांजर बघणारा डॉक्टर कुणाला माहीत आहे का? भाऊ सोन्याला घेऊन निघालाय.