दमट उन्हाळ्यात तंबूत रात्र काढायची आहे, कसं जमवता?

चांदणवाट:
मंडळी, अनुभवी लोकांचा सल्ला हवा आहे. मागच्या उन्हाळ्यात आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि माझे सत्तरीतले बाबा, एका तळ्याकाठी दोन रात्री तंबूत राहायला गेलो होतो. पहिल्याच रात्री अडीच वाजता सामान गाडीत टाकून परत निघालो. दुपारी पारा ३४ होता, आकडा काही भयंकर नव्हता. पण हवा इतकी दमट की झाडाचं पान हलत नव्हतं. पाऊस येईल म्हणून तंबूवरचं आच्छादन खाली जमिनीपर्यंत ताणून घेतलं होतं, डासांच्या धाकाने चेनसुद्धा लावलेल्या. तासाभरात आत नुसता कोंदटपणा, कापडाला आतून पाणी सुटलेलं, चादरी अंगाला चिकटलेल्या. लेकीच्या मानेवर आणि पाठीवर घामोळ्या उठल्या. बाबा तक्रार करणाऱ्यातले नाहीत, पण उठून बसले तेव्हा त्यांना गरगरत होतं. ते पाहून माझा धीरच सुटला.

यंदा पुन्हा जायचं आहे. लेक रोज विचारते. "थंडीत जा" असं कृपया सांगू नका, तिची मोठी सुट्टी उन्हाळ्यातच असते. तंबू दोन पदरी आहे, आतला पदर बराचसा जाळीचा. बॅटरीवरचा पंखा घ्यावा का? की तंबूच बदलावा? बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्याचा काही संबंध असेल तर तेही सांगा.

जुना भटक्या:
ताई, तंबू बदलू नका. आधी जागा बदला.

पाण्याच्या अगदी कडेला आणि खोलगट जागी रात्र सर्वांत वाईट जाते. थंड हवा जड असते, ती उतारावरून घरंगळत खळग्यात येऊन साचते. ऐकायला बरं वाटतं, पण तिथे वारा पडलेला असतो आणि दव भरपूर. काठापासून शे-दोनशे पावलं मागे, थोड्या उंचवट्यावर गेलात तर पारा अर्धा अंश जास्त असेल, पण हवा खेळती मिळेल. दमट दिवसांत मी नेहमी वाऱ्याच्या बाजूने कौल देतो. मोठा जलाशय असेल तर आणखी एक गोष्ट: दिवसा वारा पाण्याकडून जमिनीकडे येतो, रात्री उलट, जमिनीकडून पाण्याकडे. रात्रीचा वारा मंद असतो, म्हणून तंबूचं मोठं दार जमिनीच्या बाजूला ठेवा आणि समोरची खिडकी उघडी.

उंचावर जाता येत असेल तर जाच. दर १००० मीटरला सरासरी ६.५ अंश उतरतात. दोन तास जास्त गाडी चालवावी लागली तरी परवडतं.

सावली बघताना लोक दुपारची बघतात. मी सकाळची बघतो. सूर्य वर आला की अर्ध्या तासात तंबूची भट्टी होते आणि पहाटे कुठे लागलेली झोप मोडते. उगवतीच्या बाजूला दाट झाड किंवा टेकाड असेल अशी जागा धरा. मात्र डोक्यावर वाळकी फांदी नाही ना, हे मान वर करून नीट पाहा. आणि कोरड्या ओढ्याच्या पात्रात कितीही गार वाटलं तरी तंबू ठोकू नका. पाऊस वर कुठेतरी पडतो आणि लोंढा तुमच्यापर्यंत येतो.

रानपाखरू:
मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून थोडं "असं का होतं" ते सांगते. एक लिटर घाम अंगावरून पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम नुसता ओघळून चादरीत गेला तर जवळपास काहीच नेत नाही. दमट हवेत घाम वाळतच नाही, त्यामुळे शरीर पाणी आणि मीठ घालवत राहतं आणि बदल्यात गारवा मिळत नाही. तुमची ३४ अंशांची दुपार म्हणूनच एवढी जड गेली.

हवामानाच्या ॲपमध्ये आर्द्रतेची टक्केवारी बघू नका, दवबिंदू बघा, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान. टक्केवारी फसवते. समजा दवबिंदू २५ आहे. दुपारी ३४ अंशांना ती हवा ६० टक्के दाखवेल. रात्री पारा २७ वर आला की तीच हवा, तेवढीच वाफ, पण आकडा ८९. दवबिंदू १६ च्या आत असेल तर हवा सुखाची, २१ च्या पुढे चिकचिक सुरू, २४ च्या पुढे रात्रभर घुसमट. तुमच्या तंबूला आतून पाणी का सुटलं, तेही यातच आहे. उघड्या आकाशाखाली कापड भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं, त्यात आत चार माणसांचा श्वास. कापड दवबिंदूच्या खाली गेलं की थेंब धरणारच. झाडाखाली हे कमी होतं, कारण कापडाची उष्णता थेट आकाशात जात नाही.

पंखा जरूर घ्या. पण तो अंगावर हवा, छताकडे नाही. अंगालगतची घामाने भरलेली हवा हलली की थोडा तरी घाम वाळतो. एक चूक बहुतेक जण करतात: पंख्यासमोर ओलं फडकं टांगणं. कोरड्या उन्हाळ्यात तो उपाय उत्तम आहे. दमट हवेत त्याने आतली वाफ फक्त वाढते. ओलं करायचंच तर अंग करा, तंबू नाही.

डोंगरवेडी:
आच्छादनाबद्दल माझा अगदी ठाम सल्ला आहे: पाऊस पडत नसेल तर ते लावूच नका. एका बाजूला खुंट्यांना बांधून गुंडाळून ठेवा, म्हणजे गरज पडली की ओढून घेता येईल. आम्ही घरी अंधारात विजेरी घेऊन सराव केला आणि दोघांनी मिळून दीड मिनिटात लावता येऊ लागलं. तेव्हापासून माझी "पाऊस आला तर" ही धास्ती गेली. जाळीच डास अडवते, चेन लावलेलं कापड नाही.

वर सावलीसाठी ताडपत्री बांधायची तर तंबूला टेकू देऊ नका. निदान हातभर अंतर हवं, मधून वारा गेला पाहिजे. चकचकीत बाजू असेल तर ती आकाशाकडे. आणि तंबू दुपारीच ठोकून ठेवू नका. सावलीत ताडपत्रीखाली बसा, ऊन कलल्यावर तंबू उभारा. दिवसभर तापलेली जमीन, गाद्या आणि पिशव्या रात्री आपल्यालाच शेकतात.

झोपायला शक्य असेल तर झुला. खालूनही हवा लागते, पाठीला घाम साचत नाही. मी पाच वर्षं उन्हाळ्यात जमिनीवर झोपलेली नाही.

जुना भटक्या:
झुला तुमच्या-आमच्यासाठी ठीक आहे, पण सत्तरीच्या माणसाला रात्री दोनदा उठावं लागतं आणि त्यांना आधीच गरगरलं होतं. अंधारात झुल्यातून उतरताना तोल गेला तर काय? बाबांसाठी घडीची कापडी खाट घ्या. तिच्याही खालून हवा जाते आणि पाय टेकवून उठता येतं. हवा भरायची प्लॅस्टिकची गादी मात्र कुणालाच नको, ती अंगाची ऊब परत अंगालाच देते. वर सुती चादर पुरे, झोपायची पिशवी घरी ठेवा.

डोंगरवेडी:
बरोबर आहे, बाबांचं माझ्या लक्षात आलं नाही. त्यांना खाटच.

औषधपेटी:
मी परिचारिका आहे. बाबांचं गरगरणं हलक्यात घेऊ नका, आणि हो, गोळीचा संबंध असू शकतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवून शरीरातलं पाणी आणि मीठ कमी करतात. जाण्याआधी डॉक्टरांना गोळीचं नाव दाखवून विचारा: "उकाड्यात दोन दिवस बाहेर राहणार आहोत, काही बदल हवा का?" आपल्या मनाने गोळी बंद करू नका. दुसरं म्हणजे, वय वाढतं तशी तहानेची जाणीव बोथट होते. "तहान लागली की पितो" हे त्यांच्या बाबतीत चालणार नाही. पाण्याची बाटली त्यांच्या हातात द्या आणि ती संपते आहे का याकडे कुणीतरी लक्ष ठेवा.

चालत असाल, तंबू उभारत असाल तेव्हा दर १५-२० मिनिटांनी एक पेला पाणी. त्याहून फार जास्तही नको. तासाला दीड लिटरच्या घरात नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, आणि त्याची लक्षणं, डोकेदुखी, मळमळ, गोंधळ, अगदी उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात. मग लोक आणखी पाणी पाजतात. घाम खूप गेला असेल तर जलसंजीवनीची पाकिटं जवळ ठेवा. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, चमचा सोबत न्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाणी आणि मीठ दोन्हींचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावं.

लेकीच्या घामोळ्यांना जाड मलम किंवा तेल लावू नका, त्याने घामाची तोंडं अजून बुजतात. गार पाण्याने अंग पुसायचं, पूर्ण कोरडं करायचं, सैल सुती कपडा घालायचा. झोपायचे कपडे वेगळ्या बंद पिशवीत कोरडे ठेवा आणि ते फक्त झोपतानाच घाला. मोठ्यांना मांड्यांच्या आत घासून जखमा होतात. तिथे निघण्याआधीच व्हॅसलिन लावलं तर पुढचे दोन दिवस सुखात जातात.

आता जे सगळ्यांना पाठ असायला हवं ते. दमणूक, डोकं दुखणं, भरपूर घाम, मळमळ: सावलीत झोपवा, पाय थोडे वर, कपडे सैल, घोट घोट पाणी. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, झटके आले, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात. शरीराचं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं. "घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही" हा समज चुकीचा आहे, श्रमाने आलेल्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो. मदतीला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका, तिथेच थंड करा. मोठ्या टबात गार पाणी असेल तर त्यात मानेपर्यंत, डोकं धरून. नसेल तर अंगावर सतत पाणी ओता आणि वारा घाला, बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघेत. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. शुद्ध नीट नसेल तर तोंडाने काहीही देऊ नका.

चांदणवाट:
औषधपेटी, तुमचं उत्तर नवऱ्याला आणि बाबांना दोघांनाही वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, त्या दिवशी रात्री उठावं लागू नये म्हणून त्यांनी संध्याकाळी पाचनंतर पाणीच प्यायलं नव्हतं. मला हे आज कळतंय.

औषधपेटी:
हे फार घरांत होतं. खाट दाराजवळ ठेवा, उशाशी विजेरी आणि चप्पल ठेवा, आणि "रात्री उठलात तर मला हाक मारा, मला त्रास नाही" हे त्यांना आधीच सांगा. पाणी आपोआप प्यायलं जाईल.

आणि सरावाचं राहिलं. शरीराला उकाड्याची सवय व्हायला ७ ते १४ दिवस लागतात. दिवसभर वातानुकूलित खोलीत राहून थेट तंबूत गेलात तर जड जाणारच. निघण्याआधी आठ-दहा दिवस रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास सगळे मिळून बाहेर चाला. हळूहळू वाढवा.

पाणकोंबडी:
दोन छोट्या गोष्टी. बर्फाच्या पेटीत चुऱ्याऐवजी मोठी लादी किंवा गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवा, हळू वितळतात आणि नंतर पिताही येतात. पिण्याच्या पाण्याची पेटी आणि अन्नाची पेटी वेगळी, कारण पाण्याची सारखी उघडली जाते. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर शिजवलेलं अन्न तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नका. गॅसचा डबा आणि पॉवर बँक उन्हातल्या बंद गाडीत नकोत. मूल तर एक मिनिटही नको. दहा मिनिटांत आतलं तापमान दहाएक अंशांनी चढतं.

दमट दुपारनंतर वीज-पाऊस येतो तो वेगळाच. गडगडाट ऐकू आला की तंबूत नाही, बंद गाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच.

चांदणवाट:
कळवायला आले. काल रात्री गच्चीवर रंगीत तालीम केली. आच्छादन गुंडाळून ठेवलेलं, पंखा पायाकडून अंगावर, बाबा खाटेवर दाराजवळ. दवबिंदू २३ होता. झोपण्याआधी सगळ्यांनी अंग पुसून कोरडे कपडे घातले. अगदी गार वाटलं असं म्हणणार नाही, पण लेक साडेसहापर्यंत झोपली आणि पाठ स्वच्छ आहे. बाबांनी दोनदा हाक मारली. पहाटे कापडाला हात लावून पाहिलं, कोरडं होतं.

डॉक्टरांनी बाबांची गोळी पाहिली आहे आणि काय करायचं ते लिहून दिलं आहे. शुक्रवारी निघतोय, तळ्याऐवजी वरच्या पठारावर. आमचं ठरलंय: अंदाजात रात्रीचा दवबिंदू २४ च्या पुढे दिसला तर दिवस तिथे घालवायचा आणि मुक्काम न करता परतायचं. लेकीलाही हे आधीच सांगितलंय, तिने कुरकुर करून का होईना मान्य केलं.

एकच शंका राहिली. मागच्या वेळी घाईत ओला तंबू तसाच गुंडाळला होता, आता त्याला शिवणींपाशी काळे ठिपके आणि कुबट वास आहे.

डोंगरवेडी:
ती बुरशी आहे. कोमट पाणी, साधा सौम्य साबण आणि मऊ फडकं. ब्लीच आणि ताठ ब्रश नको, पाणी अडवणारा लेप निघून जातो. ठिपके कदाचित पूर्ण जाणार नाहीत, वास जाईल. सावलीत वाऱ्यावर दोन दिवस उघडा ठेवा. रविवारी निघताना दव असेल तर ओलाच गाडीत टाका, पण घरी पोचल्यावर आधी तंबू पसरा, मग बाकीचं सामान उतरवा. शिवणी सर्वांत शेवटी वाळतात, हात लावून पाहिल्याशिवाय घडी घालू नका.