पाल्कची सामुद्रधुनी नेमकी कोठून कोठपर्यंत?

प्रश्न (जिंतूर):
आठवीच्या वर्गात भारत आणि श्रीलंका यांमधला समुद्र शिकवताना अडचण येते. एका नकाशात या साऱ्या पाण्यावर ‘पाल्कची सामुद्रधुनी’ असे छापलेले असते, तर दुसऱ्यात जवळजवळ त्याच जागी ‘मन्नारचे आखात’ असते. सीमा कोठे मानावी? आणि हा पाल्क कोण?

उत्तर (उदगीर):
सर, नावे दोन्ही बरोबर आहेत, जागा मात्र वेगळ्या आहेत. धनुष्कोडी आणि श्रीलंकेतील तलैमन्नार यांच्या दरम्यान वाळूच्या उथळ पट्ट्यांची जी रांग आहे, जिला आपण रामसेतू म्हणतो, ती सीमा धरावी. तिच्या दक्षिणेस मन्नारचे आखात. उत्तरेस पाल्कचा उपसागर. आणि त्याहीपुढे, तमिळनाडूचे कोडियक्कराई व जाफना द्वीपकल्प यांच्यामध्ये, जेथे हे पाणी बंगालच्या उपसागरास मिळते, ती खरी सामुद्रधुनी. लहान नकाशात तिन्ही नावे मावत नाहीत, म्हणून हा घोळ होतो. रॉबर्ट पाल्क हा धर्मोपदेशक म्हणून आला आणि १७६३ ते १७६७ या काळात मद्रासचा गव्हर्नर होता.

उत्तर (गंगाखेड):
रामेश्वरच्या यात्रेत हा फरक डोळ्यांनी पाहायला मिळाला. धनुष्कोडीच्या टोकावर श्रीलंकेकडे तोंड करून उभे राहिले, की डाव्या हाताचे पाणी तळ्यासारखे निवांत आणि उजवीकडे लाटांचा नुसता धडाका. तेथील मच्छीमार शांत बाजूला ‘पेण कडल’, म्हणजे बाईसमुद्र, आणि खवळत्या बाजूला ‘आण कडल’, म्हणजे पुरुषसमुद्र म्हणतात. गव्हर्नरच्या नावापेक्षा मला ही नावे अधिक नेमकी वाटतात.

उत्तर (लातूर):
उदगीरच्या सरांनी सांगितलेली विभागणी दोन्ही देशांच्या करारांतही दिसते. १९७४ च्या कराराने रामसेतूपर्यंतची उत्तरेकडील सागरी हद्द ठरली, तर मन्नारच्या आखातातील हद्द १९७६ मध्ये आखली गेली. पहिल्या करारात कच्चतीवू बेट श्रीलंकेच्या बाजूला गेले. मोठी जहाजे या उथळ पाण्यातून जाऊ शकत नाहीत, ती श्रीलंकेला वळसा घालतात. त्यासाठी कालवा खोदण्याचे सेतुसमुद्रम प्रकल्पाचे काम २००५ मध्ये सुरू झाले, पण रामसेतूच्या वादामुळे ते न्यायालयात अडकले. वर्तमानपत्रे मच्छीमारांच्या अटकेच्या बातम्यांत सरसकट ‘सामुद्रधुनी’ लिहितात, हे मात्र सैल लिहिणे आहे. परीक्षेत कच्चतीवूचे स्थान विचारले आणि पर्यायांत उपसागर व सामुद्रधुनी दोन्ही असले, तर मुलांनी पाल्कचा उपसागर निवडावा.