आंबेनळी घाटातला तांबडा पट्टा: डायनासोर आपल्याच डोंगरानं मारले का?

वाईचा_मास्तर:
परवा सातवीच्या मुलांना घेऊन आंबेनळी घाट उतरत होतो. एका वळणावर गाडी बाजूला घेतली. रस्त्यासाठी फोडलेल्या कड्यात काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये वीतभर तांबडा पट्टा आहे. मुलांनी नखांनी खरवडला तर भुगा हातावर आला, तळवे गेरूनं माखल्यासारखे झाले. मी सांगितलं, हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तशी एक मुलगी म्हणाली, "सर, डायनासोर पण तेव्हाच मेले ना? मग आपल्याच डोंगरानं मारले का?"

मी मेक्सिकोतल्या उल्केचं सांगून वेळ मारून नेली, पण ते मनाला लागून राहिलंय. तिला नीट उत्तर द्यायचं आहे. आणि तो तांबडा पट्टा नेमका कशाचा?

कातळखुणा:
सर, पट्ट्यापासूनच सुरुवात करू. एक लाव्हा वाहून आला, थंड झाला आणि उघडा पडून राहिला. ऊन-पावसानं वरचा दगड कुजला, त्यातलं लोह गंजलं, माती झाली. मग पुढचा लाव्हा वरून आला आणि ती माती भाजून निघाली. भूशास्त्रात याला 'रेड बोल' म्हणतात. म्हणजे बहुतेक तांबडे पट्टे ही उद्रेकांमधली विश्रांती आहे. हे लक्षात ठेवा, कारण डायनासोर लाव्हानं मारले की उल्केनं, हा सगळा वाद या विश्रांतीच्या हिशेबावर आहे.

तुम्ही उभे होता त्या थरांना जगभरचे अभ्यासक आंबेनळी, पोलादपूर, महाबळेश्वर याच नावांनी ओळखतात, आणि त्यांच्या गटाचं नाव आहे वाई. मुलांना हे जरूर सांगा.

२०१९ साली दोन गटांनी या थरांची वयं एकाच वेळी प्रसिद्ध केली. एका गटानं तांबड्या पट्ट्यांत अडकलेल्या राखेतल्या झिरकॉन या खनिजाच्या बारीक कणांचं वय मोजलं, दुसऱ्यानं खुद्द लाव्हातल्या खनिजांचं. बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत आला आणि उल्का आदळली तेव्हा उद्रेक चालू होते, यावर दोघांचं एकमत आहे. मतभेद पुढे आहे. पहिला गट म्हणतो, उल्केच्या काही दशसहस्र (दहा-दहा हजारांच्या पटीत) वर्षं आधी लाव्हाचा एक मोठा झपाटा सुरू झाला होता. दुसरा म्हणतो, जवळपास तीन चतुर्थांश लाव्हा उल्केनंतरचा.

माझं मत विचाराल तर घाव उल्केचा. सुमारे १० किलोमीटरचा दगड मेक्सिकोतल्या युकातानला आदळला, १८० किलोमीटर रुंदीचं विवर पडलं. धूळ, काजळी आणि गंधकाच्या वाफांनी सूर्य झाकोळला, हिरवा पाला वाढायचा थांबला. पाल्यावर जगणारे गेले, त्यांना खाणारेही गेले. गाळातल्या कुजक्या पाल्यावर ज्यांची साखळी उभी होती त्या गोड्या पाण्यात मगरी आणि कासवं तगली. एकूण तीन चतुर्थांश जाती संपल्या. दख्खनच्या लाव्हाच्या वायूंनी हवामान आधीपासून डळमळीत केलं होतं, हे मात्र मी नाकारणार नाही.

वरोऱ्याची_लेक:
मास्तर, आमच्याकडची एक गोष्ट त्या मुलीला सांगा. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या वावरांत वखरताना दगड झालेलं शेण सापडतं, लाव्हा येण्याआधीच्या डायनासोरांचं. लहानपणी बाबांनी एकदा असा तुकडा माझ्या हातावर ठेवला होता. वाळल्या शेणासारखाच आकार, पण उचलावा तर गारगोटीसारखा जड. २००५ साली शास्त्रज्ञांनी या शेणात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण शोधले. तोवर डायनासोरांच्या काळात गवत असेल असं फारसं कुणी मानत नव्हतं. इथं कोण काय खात होतं, ते या शेणातून वाचता येतं. म्हणून हात जोडून सांगते, ते तुकडे उचलून घरी नेऊ नका.

वाईचा_मास्तर:
ताई, हे फार मोलाचं आहे, उद्याच सांगतो. कातळखुणा सर, एक शंका. एवढा लाव्हा पसरला तर इथलं सगळंच जळून गेलं असेल ना? मग मधल्या काळात काही जगलं का?

कातळखुणा:
जगलं. नागपूरजवळच्या टाकळीला दोन लाव्हांच्या मधल्या तळ्यांचा गाळ आहे, त्यात गोगलगायींचे शंख आणि मासे सापडतात. स्टीफन हिस्लॉप यांनी १८५० च्या दशकात ते नोंदवले. मुंबईत वरळीला तर बेडूक मिळालेत. विश्रांती लांबली की तळी भरायची आणि जीव परत यायचे.

सायबेरियातले २५.२ कोटी वर्षांपूर्वीचे उद्रेक मात्र जीवांना फार महागात पडले. तिथला लाव्हा कोळसा आणि मिठाच्या थरांतून वर आला, ते थर भाजले गेले आणि लाव्हाच्या स्वतःच्या वायूंवर त्यांचेही वायू आले. समुद्रातल्या दहातल्या जवळपास नऊ जाती संपल्या. लाव्हा किती आला याइतकंच तो कशातून आला हेही बघावं लागतं.

आता परत जाल तेव्हा तांबड्या पट्ट्याच्या लगेच खालचा दगड बघा. चाळणीसारखा असेल, काही छिद्रांत पांढरे स्फटिक. तिथून वायूचे बुडबुडे निघाले होते. हवा बिघडली ती याच वायूनं. मुलीला एखाद्या छिद्रात बोट घालून बघू द्या, फक्त वरचे सुटे दगड सांभाळा.